सतरा नंबरची जागा

“बाई, ह्ये भोक बुजवायचं न्हाई हां,” ती म्हणाली आणि पुठ्ठ्याच्या भिंतीत अगदी वर, छपराच्या खाली कापलेल्या भोकातून तिनं दोन बोटं आरपार घालून दाखवली.

दुपारचे साडेबारा झाले असतील. पौषाचे दिवस, मांडवाच्या सावलीत बसलं तर अंगावर काटा येत होता. आपल्याला हवं तसं पुठ्ठ्याचं छोटं घर करायला बसलेली वस्तीतली मंडळी भाकरी खायला घरोघर गेली होती आणि मी पुठ्ठे, डिंक, कात्र्या सांभाळत एकटीच बसले होते. ती कधी येऊन बसली ते मला कळलं नाही. मान वर केली तर समोर तिशीच्या आतबाहेरची एक बाई. लुगड्यावर विटांची लाल धूळ, मांडीवर मुलगी आणि पाठीला टेकून एक मुलगा. तिचं पुठ्ठ्याचं घर जवळजवळ करून झालं होतं.

“अहो, पावसाचं पाणी आत येईल,” मी म्हटलं. “तिथं आपण झडपेची खिडकी देऊ. हवी तेव्हा लावायची.”

“झडप नको. थंडी वाजली की मानूस लावतंच.”

“पण इतक्या वर भोक हवं कशाला?”

“धूर जायाला.”

“आता सगळ्यांना गॅस मिळणार आहे. चूलच नाही तर धूर कुठला?”

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. लहान पोराला समजावताना पाहतात तसं. “समदा धूर दिसतो व्हय, बाई?”

मी मुलांकडं पाहिलं. दोघंही पेंगत होती. गाल असे लालबुंद, की आत्ताच कुणीतरी गालगुच्चे घेऊन गेलं असावं.

“झोप झाली नाही वाटतं यांची?”

“झोप लई झाली,” ती म्हणाली.

मी वही ओढली. त्या काळी माझा भुताखेतांवर विश्वास नव्हता, देवावर जेमतेम होता, पण फॉर्मवर फार होता. नाव? केराबाई. आडनाव? ते सांगायला ती तयार नव्हती. “केराबाईच लिवा,” म्हणाली. माणसं तीन. घर नंबर? मी यादी काढली आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. एकेचाळीस कुटुंबं. केराबाई कुठंच नव्हती.

“केराबाई, तुमचं नाव नाहीये यात,” मी म्हटलं. “यादी झालीये. आता जागा नाही.”

“न्हाई?”

“उद्या ऑफिसात विचारून बघते हवं तर.”

“उद्या न्हाई जमायचं,” ती म्हणाली.

मी वहीत ‘नोंद नाही’ असं लिहिलं. मान वर केली तेव्हा समोर कुणी नव्हतं. सतरंजीवर ते घर तेवढं होतं. उचललं तर तव्यावरून उतरलेल्या भाकरीइतकं गरम. उन्हात असेल, असं मी मनाशी म्हटलं. ते मांडवाच्या सावलीतच होतं हे माझ्या ध्यानात आलं, पण मी ते मनावर घेतलं नाही. तेवढ्यात मंडळी परत यायला लागली होती.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि माझं ठाम मत होतं की गरिबाचं घर गरिबाला विचारून बांधावं. मत चांगलंच होतं. फक्त विचारणं म्हणजे काय, हे मला कागदापुरतंच ठाऊक होतं. आर्किटेक्चरची पदवी घेऊन दोन वर्षं झाली होती आणि एका संस्थेनं मला कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी पाठवलं होतं. गावाबाहेर भट्टीवाडी नावाची वस्ती होती. पूर्वी तिथं मोठी वीटभट्टी चालायची. भट्टी बंद पडली, माणसं तिथंच राहिली. कुणी गवंडीकाम करायचं, कुणी भाजी विकायचं, बायका बिगारी जायच्या. सरकारी योजनेत त्यांना पक्की घरं मिळणार होती आणि ती त्यांच्याच जागेवर, त्यांच्याच मनासारखी बांधायची असा संस्थेचा आग्रह होता. मात्र सोमवारपर्यंत नकाशा आणि त्यावर एकेचाळीस कुटुंबांच्या सह्या-अंगठे पोचायला हवे होते. नाही पोचले तर वस्ती उचलून अकरा किलोमीटरवर, कचराडेपोच्या मागं बांधलेल्या पाच मजली इमारतींत टाकायची, हे वर ठरलेलंच होतं. योजनेचे घोरपडेसाहेब मला दोनदा बजावून गेले होते, “मॅडम, एक अंगठा जरी कमी पडला तरी फाइल परत. मग मी काही करू शकत नाही.”

केराबाई आली तो शुक्रवार होता.

संध्याकाळी मी आणि गजराआक्का पुठ्ठ्याची घरं गोळा करत होतो. गजराआक्का म्हणजे वस्तीचा कणा. साठीला आलेली, काटक, आवाज असा की पलीकडच्या शेतातला माणूससुद्धा मागं वळून बघायचा. तिचा शब्द वस्तीत शेवटचा. एकेक घर ती पेटीत ठेवत होती आणि मोजत होती. चाळीस. एकेचाळीस. मग तिचा हात थांबला.

“ह्ये कुनाचं?”

“आली होती एक बाई दुपारी. यादीतली नव्हती.”

आक्कानं त्या घराला बोट लावलं, झटकन मागं घेतलं आणि पदराला पुसलं. “संगं पोरं व्हती?”

“दोन. का?”

“काय न्हाई.” ती उठली. जाता जाता म्हणाली, “त्ये पेटीत नगा कोंबू. येगळं ठेवा.”

माझ्या डोक्यात उद्याची कामं होती. मी ते घर माझ्या पिशवीत टाकलं आणि विसरून गेले. रात्री लॉजवर पिशवीतले कपडे काढले तर इस्त्री केल्यासारखे ऊनऊन लागले, तेवढं आठवतं.

शनिवारी सकाळी सातला मी वस्तीवर हजर. धुकं होतं, तोंडातून वाफ निघत होती आणि तरीही प्रत्येक झोपडीचं दार वीतभर उघडं होतं. दार मिटू नये म्हणून उंबऱ्यात एकेक वीट उभी करून ठेवलेली. चारपाच दिवस मी ते बघत होते. त्या दिवशी शिदू मिस्त्रीला विचारलं. शिदू हा आक्काचा धाकटा भाऊ, पंचक्रोशीतला नावाजलेला गवंडी, तोंडाळ आणि हसरा.

“मिस्त्री, एवढ्या थंडीत दारं उघडी का हो? कुडकुडत नाही का रात्रभर?”

“कुडकुडतो की.”

“मग?”

“रीत हाय आमची,” तो म्हणाला आणि पहिल्यांदाच हसला नाही.

त्या दिवशी आम्ही घरं जमिनीवर आखणार होतो, खरोखरच्या मापाची. ही माझी आवडती पद्धत. कागदावरचा नकाशा माणसाला कळत नाही. चुन्याच्या फक्कीनं रेघ मारून, काठ्या रोवून, जुन्या साड्यांच्या भिंती बांधून दिल्या की बाई लगेच सांगते, इथं मोरी नको, इथं माझं जातं बसत नाही. एका ओळीत एकवीस घरं, समोर वीस, मध्ये रस्ता. प्रत्येक घर चौदा फूट रुंद. कुणाला कुठलं घर ते आदल्या दिवशी चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं. दहा वाजेपर्यंत माळावर साड्यांचं गावच उभं राहिलं. बायका आपापल्या घरात शिरून खोटंखोटं पीठ मळत होत्या, पुरुष खोटं दार उघडून ‘आलो बरं का’ म्हणत होते. थट्टामस्करीला ऊत आला होता. मी तर हवेत होते.

सतरा नंबरच्या घरात मात्र कुणी नव्हतं. काठ्या नाहीत, साड्या नाहीत, नुसती फक्कीची चौकट. ते घर शिदू मिस्त्रीला निघालं होतं आणि तो, त्याची बायको, सून अशी सगळी चौकटीबाहेर ओळीनं उभी होती.

“मिस्त्री, चला की आत. गृहप्रवेशाचा मुहूर्त काढायचाय का?”

मिस्त्रीनं एक पाऊल मागं घेतलं.

“म्याडम, मला दुसरा नंबर द्या,” तो म्हणाला. “कुठला बी द्या. ह्यो नगो.”

मी म्हटलं, बदला कुणाशी तरी. कुणी बदलायला तयार नाही. एकानं बघायचं, दुसऱ्यानं मान फिरवायची. आणि तेव्हा मला दिसलं, जे मी पाच दिवस बघूनही पाहिलं नव्हतं. वस्तीतली पायवाट माळावरून सरळ येत होती आणि बरोबर त्या जागेपाशी वळसा घालून पुढं जात होती. तिथं झाड नव्हतं, दगड नव्हता, खड्डा नव्हता. काहीच नव्हतं. पायवाट घट्ट तुडवलेली, कैक वर्षांची. माझ्या डोळ्यांदेखत एक शेळी आली, त्या जागेपाशी अडखळली आणि वळसा घालून गेली.

मला राग आला. आठवडाभर उरस्फोड करायची आणि शेवटी हे! “ही जागा काय खाते माणसाला?” मी म्हटलं. “हे बघा, मी बसते.” आणि गेले त्या चौकटीत. चपला काढल्या, घरात शिरल्यासारख्या, आणि मांडी घालून मधोमध बसले.

जमीन गरम होती. सगळ्या माळावर दव होतं, लोकांचे पाय गारठून लाल झाले होते आणि इथं माझ्या तळपायांना शेकल्यासारखं वाटत होतं. छान वाटत होतं, खरं सांगायचं तर. पहाटे उठल्याचा शीण होता. डोकं थोडं दुखायला लागलं, कपाळाच्या दोन्ही बाजूंनी. मग पापण्या जड झाल्या. समोर माणसं उभी होती, त्यांची तोंडं हलत होती, पण आवाज येत नव्हता. मला एवढंच वाटलं, की थोडं आडवं व्हावं, पाच मिनिटं, मग उठून सगळ्यांना समजावून सांगू. शेजारी कुणीतरी लहान मूल जांभई देत होतं. माझ्या मांडीला त्याचा गुडघा लागला.

“उठ! उठ म्हनतो ना!”

शिदू मिस्त्रीनं मला दंडाला धरून फरफटत बाहेर काढलं. बाहेरच्या गार हवेत येताच मी तिथंच बसून ओकले. कुणीतरी तोंडावर पाणी मारलं. मिस्त्री स्वतः एक पाय त्या चौकटीत टाकून आला होता, आणि तो पाय पुन्हापुन्हा मातीत घासत होता.

“किती वेळ बसले मी?” मी विचारलं.

“आर्धा तास,” आक्का म्हणाली. “हाका मारून घसा बसला आमचा. शेवटी ह्यो आत गेला.”

मला वाटलं होतं, दोन मिनिटं.

रविवारी सकाळी मी मांडवात सगळ्यांना बसवलं. डोकं अजून ठणकत होतं आणि घोरपडेसाहेबांचा निरोप आला होता, उद्या अकरापर्यंत कागद पोचवा. माझ्यापुढं साधा हिशेब होता. ओळीत एकवीस जागा. सतरावी वापरायची नाही म्हटलं तर एक कुटुंब बेघर. एक कुटुंब बेघर म्हणजे एक अंगठा कमी. एक अंगठा कमी म्हणजे सगळी भट्टीवाडी कचऱ्याच्या ढिगामागं. मी ते तीन वेळा सांगितलं. शेवटी माझा तोल गेला.

“तुम्हांला काय वाटतं, मी उद्यापासून दुसरीकडं काम करीन, माझं काय अडणार नाही. तुमच्या नातवंडांनी तिथल्या घाणीत, माश्यांत राहायचं का? एका रिकाम्या जागेपायी? निदान सांगा तरी मला, काय आहे तिथं!”

मग गजराआक्का उठली. ती बोलायला लागली तेव्हा तिचा तो माळभर ऐकू जाणारा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. पुढं सरकून ऐकावं लागत होतं.

“चौदा वर्सं झाली, म्याडम. ह्योच पुसाचा म्हयना. तवा भट्टी चालू व्हती. सरकारची मानसं यिऊन झोपड्या मोजून गेल्ती, म्हनली, ज्येंची नावं लिवली त्येस्नीच पुढंमागं घरं मिळतील. आमी लई खूश. दुसऱ्या दिवशी दिवस कलताना एक बाई आली. कुठल्या लांबच्या भट्टीवर काम करायची. नवरा मेल्याला, मुकादमानं हाकलल्याली. संगं दोन ल्येकरं. म्हनली, एका कोपऱ्यात पडून ऱ्हाते, सकाळी खोप घालते.” आक्कानं मांडवात बसलेल्यांकडं पाहिलं. “आमी बसून इचार केला. म्हनलं, हिला घेतली तर उद्या आनी धा येत्याल. मोजनी बिघडंल. आपली नावं जात्याल. कुनीतरी तिला सांगायला पायजे व्हतं. मी सांगितलं. मीच. म्हनलं, यादी झालीया बाई, आता जागा न्हाई. उद्या बगू.”

आक्कानं माळाकडं हात केला.

“भट्टीला लागून कोळशाची खोली व्हती. पत्र्याची. आता तुमी फक्की मारलीया ना, बराबर तितं. त्यात ती गेली. थंडी मरनाची. घमेल्यात निखारं घेतलं, दार वडून घेतलं आन ल्येकरास्नी वारा लागू नये म्हनून फटीफटीत चिंध्या कोंबल्या. सगळ्या. येक बी फट ठेवली न्हाई. सकाळी मी गेले च्या घिऊन. वाटलं, रातीचं बोलनं लागलं आसंल तिला. दार ढकललं तर तिगं बी झोपलेली. गाल आसं लाल, म्हनलं, काय झ्वाप लागलीया ल्येकरास्नी.” तिनं पदर तोंडाला लावला. “कपभर च्या सांडला माझ्या हातनं.”

उंबऱ्यातल्या विटा मला तेव्हा कळल्या.

“तिचं नाव काय, कुठल्या गावची, कायबी इचारलं न्हाई आमी,” शिदू मिस्त्री खाली बघत म्हणाला. “पोलिसांनी ‘अनोळखी बाई’ लिवलं. दिवसकार्य करायचं म्हनलं तर बामनानं नाव इचारलं. काय सांगनार? चौदा वर्सं नाव न्हाई तिला. हाक तरी कशी मारायची?”

पिशवी माझ्या पायाशी होती. मी ते पुठ्ठ्याचं घर काढून सतरंजीवर ठेवलं. ते अजूनही ऊन होतं.

“केराबाई,” मी म्हटलं.

कुणाला काही कळलं नाही. मी वही उघडली आणि वाचलं. “नाव केराबाई. माणसं तीन. शुक्रवारी दुपारी तुम्ही जेवायला गेला होतात तेव्हा आली होती. हे घर तिनं केलं.” आणि मग, सांगायची इच्छा अजिबात नव्हती तरी, मी सांगितलं, “मी तिला म्हटलं, यादी झालीये, आता जागा नाही. उद्या बघू.”

आक्का उठून माझ्याजवळ आली. मला वाटलं, मारते की काय. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि नुसतीच उभी राहिली. मी रडले. सव्वीस वर्षांची पदवीधर बाई, परक्यांच्या मांडवात, पोरीसारखी. तिनं रडू दिलं.

मग तिनं ते घर उचललं, वरच्या भोकातून बोट घातलं आणि सगळ्यांना दाखवलं. “बगा रं. तिनं काय मागितलंय बगा. हात मावंल येवढं भोक. आपुन त्येवढं बी दिलं न्हाई.”

पुढचं सगळं त्यांनी केलं. मी फक्त टेप धरली. शिदू मिस्त्री उठला, दोरी घेऊन माळावर गेला आणि ओळीतल्या पहिल्या घरापाशी उभा राहून ओरडला, “ए सदाशिव! तुझ्यातली वीतभर दे!” सदाशिव भाजीवाल्यानं काठी काढली आणि नऊ इंच आत रोवली. मग दुसऱ्यानं. मग तिसऱ्यानं. साड्यांच्या भिंती एकेक करून सरकायला लागल्या. एका म्हातारीनं दीड वीत दिली; मिस्त्रीनं तिला दटावून अर्धी परत केली. समोरच्या ओळीतले ओरडायला लागले, आमची पण घ्या. “तुमची वीत घिऊन रस्त्यात ठेवू काय?” आक्काचा आवाज परत आला होता. “तुमी तिच्या भिंतीसाटी इटा पाडा!” एकवीस घरांच्या एकवीस विती झाल्या. त्यात चौदा फुटांचं एक घर बसलं आणि वर दोन विती उरल्या. बरोबर त्या जागेवर. बाकीची एकवीसच्या एकवीस घरं नियमात जेमतेम बसत होती. मी रात्रभर नकाशा पुन्हा काढला.

सोमवारी साडेदहाला एकेचाळीस अंगठे आणि सह्या घेऊन मी घोरपडेसाहेबांसमोर. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. “एकेचाळीस माणसं आणि बेचाळीस घरं? हे कुणाचं?”

“वस्तीचं आहे. सामाजिक खोली.”

“आणि प्रत्येक घरात वर हे भोक कसलं? झडप नाही?”

“लोकांची मागणी आहे, सर. सगळ्यांची.”

त्यांनी मान वर केली. मग म्हणाले, “मॅडम, तुम्ही आजारी आहात का? गाल फार लाल झालेत तुमचे.” आणि फाइल ठेवून घेतली.

घरं व्हायला पुढं दोन वर्षं लागली. पुठ्ठ्याचं घर माझ्या पुण्याच्या ऑफिसात फळीवर होतं. पावसाळ्यात फळीवरच्या बाकी सगळ्या वस्तूंना बुरशी यायची, याला नाही. झाडणारी बाई त्याला हात लावत नसे. मी लावत असे, रोज एकदा, संध्याकाळी निघताना. ते ऊन असायचं. सवय झाली होती म्हणा, किंवा तेवढा तरी हिशेब मी चुकवू नये असं वाटायचं म्हणा.

वस्तीनं पुन्हा पौष धरूनच गृहप्रवेश केला. पौषात कुणी करत नाही. यांनी हट्टानं केला. सगळ्यांची पूजा उरकल्यावर भरदुपारी आम्ही बेचाळिसाव्या दारापाशी जमलो. दाराच्या चौकटीवर मिस्त्रीनं स्वतःच्या हातानं सिमेंटात नाव काढलं होतं: केराबाई. आक्कानं उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं, दार सताड उघडलं आणि आत तोंड करून म्हणाली, “ये बाई केराबाई. जागा हाय.”

मग माझ्याकडं वळली. “तुमी बी म्हना.”

“केराबाई,” मी म्हटलं, “या. जागा आहे.”

आतून काही आलं नाही. वरच्या भोकातून उन्हाची एक तिरीप फरशीवर पडली होती, तेवढीच. मी चपला काढून आत पाय ठेवला. फरशी ऊन होती.

“आजून न्हाई,” आक्का माझ्या कानाशी म्हणाली. “आजून तिचा इस्वास बसला न्हाई.”

त्या घरासाठी वस्तीनं एकच नियम केला. दारात कुणीही आलं तरी आधी नाव विचारायचं, मग पाणी द्यायचं, मग घर उघडून द्यायचं. यादी नंतर.

महिनाभरानं सकाळी ऑफिसात फोन वाजला. आक्का फोनवर नेहमी ओरडून बोलायची, जसं काही पुण्यापर्यंत आवाज तिलाच पोचवायचा होता. “म्याडम, काल दिवस कलताना एक बाई आली! ऊसतोडीच्या टोळीतनं मागं राहिल्याली! मंगल नाव हाय, आधी नाव इचारलं हां! दोन ल्येकरं संगं!”

“मग?”

“मग काय, तिच्या घरात घातली. केराबाईच्या. मी रातभर दाराबाहीर बसले, घोंगडं घिऊन. मला काय झ्वाप येतीया!”

पुढं फोनमध्ये नुसता तिचा श्वास ऐकू येत होता.

“आक्का? आक्का, मुलं कशी आहेत?”

“उठली की,” ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. “सकाळी उठली, म्याडम. दोन बी उठली. भूक लागली म्हनत्यात. हितं माझ्या म्होरं बसून च्यासंगं खारी खात्यात.”

फोन ठेवला आणि मी फळीपाशी गेले. मग घराला हात लावला. पुठ्ठा गार पडला होता.